स्पॅम फिल्टर: सुरुवातीला एवढंच करा

ताई, घाबरू नका, नको असलेल्या मेलचा, म्हणजे स्पॅमचा, ढीग आठवड्याभरात आटोक्यात येतो. पहिल्याच दिवशी स्वतःचे डझनभर फिल्टर (मेल आपोआप वेगळी करणारे नियम) मात्र बनवू नका. जीमेलचा स्वतःचा फिल्टर चांगला आहे, त्याला फक्त शिकवावं लागतं.

- नको असलेली मेल नुसती डिलीट करू नका, 'रिपोर्ट स्पॅम' करा. नुसतं डिलीट केल्याने ती स्पॅम आहे हे फिल्टरला कळत नाही.
- स्पॅमचा फोल्डर आठवड्यातून एकदा उघडा. तिथल्या मेल ३० दिवसांनी आपोआप कायमच्या जातात. कामाची मेल दिसली की 'नॉट स्पॅम' दाबा.
- बँक, मुलांची शाळा असे महत्त्वाचे पत्ते कॉन्टॅक्टमध्ये घाला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एखाद्या शब्दावर फिल्टर लावून थेट डिलीट करणं. मी 'ऑफर' या शब्दावर तसा लावला होता आणि भाचीचं नोकरीचं ऑफर लेटर कचऱ्यात गेलं. वेळेत सापडलं, पण ते दोन दिवस आठवले की अजून धस्स होतं. म्हणून फिल्टर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावा, आणि सुरुवातीला डिलीटऐवजी लेबल द्या, म्हणजे मेलवर नुसती नावाची चिठ्ठी लागते आणि ती मेल जात नाही.

आणि हो, लॉटरी किंवा केवायसीच्या संशयास्पद मेलमधल्या 'अनसबस्क्राइब'वर क्लिक करू नका. पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. बाकीचं पुढच्या महिन्यात विचारा.