‘कटिंग दिसत नाही, मॅडम’

“पोरगं आरशासमोरनं हलत नाही, आणि भाताला हात लावत नाही.” हे वाक्य समुपदेशन करताना मी गेल्या काही वर्षांत इतक्या आयांकडून ऐकलंय की आता पुढचं मीच सांगू शकते. पूर्वी अशी काळजी मुलींबद्दल असायची. मुलग्यांच्या बाबतीत घरचे म्हणतात, व्यायामच करतोय ना, वाईट काय त्यात? तिथंच उशीर होतो. म्हणून ओंकारची गोष्ट. (नाव, तपशील बदललेले आहेत.)

ओंकार कोल्हापूरचा, अकरावीतला. आजोबा तालमीतले, अंगकाठी त्यांचीच. तरी भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला.

“कटिंग दिसत नाही, मॅडम. रोज दोन तास जिम मारतो. पोटाला पॅक यायलाच पाहिजेत.” (कटिंग म्हणजे स्नायूंच्या रेषा उठून दिसणं.)

“नाही आले तर?”

“तर मी काहीच नाही.”

लग्नाच्या पंगतीला जाणं, मित्रांबरोबर रंकाळ्यावर बसणं, सगळं बंद झालं होतं. जिममधल्या कुणीतरी स्नायू फुगवणारं स्टेरॉइडचं इंजेक्शनही सुचवलं होतं.

रीलमधलं सगळं खोटं असतं, असं मी त्याला एकदाही सांगितलं नाही. लाइट, फिल्टर, शूटिंगआधी पाणी तोडणं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ठाऊक असूनही माणूस अडकतो. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचाराला मानणारी, त्यामुळे माझा कान वाक्यातल्या हट्टाच्या ‘च’कडे असतो. पॅक आवडणं वेगळं आणि ‘यायलाच पाहिजेत’ वेगळं. त्या ‘च’ला हात घालायला मात्र वाट सापडत नव्हती.

चौथ्या भेटीत म्हटलं, “तूही फोटो टाकतोस ना? दाखव.”

गॅलरीत एकाच संध्याकाळचे, एकाच पोझचे 43 फोटो होते. टाकलेला एक.

“हा कसा काढलास?”

“दुपारपासून उपाशी होतो. आधी पन्नास पुशअप्स मारले. ट्यूब बंद केली, खिडकीचा उजेड बाजूनं घेतला.”

“आणि बाकीचे 42 कुणाचे?”

तो हसला. मग फोटोखालच्या कॉमेंट्स वाचताना त्याचा अंगठा एका ओळीवर थांबला. नववीतल्या चुलत भावानं लिहिलं होतं, “दादा, माझं असं कधी होणार?” ओंकारनं उत्तरादाखल आगीचा इमोजी टाकला होता.

तो बराच वेळ गप्प होता. मीही बोलले नाही. त्या शांततेला हात लावायचा नसतो, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे.

“त्यानं रात्रीचं जेवण सोडलंय मॅडम. काकू सांगत होती.”

जे त्यानं स्वतःसाठी कधी कबूल केलं नसतं, ते भावासाठी एका क्षणात कबूल केलं. त्या दिवशी मलाही उमगलं, की ही मुलं नुसती बघणारी नाहीत, दाखवणारीही आहेत. पुढच्या भेटीआधी त्यानं भावाला जेवणानंतरचा, ट्यूबखालचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, “हा पण मीच.”

‘च’ सैल व्हायला पुढे चार महिने लागले. आता तो आठवड्यातून दोनदा तालमीत जातो आणि फोटोंऐवजी दंड मोजतो.

कितीही पिळदार झालं तरी स्वतःचं शरीर किरकोळच वाटणं, या त्रासाला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ‘मसल डिसमॉर्फिया’ हे नाव दिलं. तेव्हा इन्स्टाग्राम नव्हतं. त्यामुळे नुसता मोबाइल काढून घेऊन भागत नाही. मुलाला विचारा, तू टाकलेला फोटो कसा काढलास? ऐकताना हसू नका. ‘हाडक्या’, ‘ढोल्या’ ही घरातली लाडाची नावं आजपासून बंद करा, कारण मूल रील उघडतं तेव्हा ती नावं त्याच्या मनात आधीच बसलेली असतात. पंगत, मित्र, झोप सुटायला लागली तर वाट पाहू नका.

आणि इंजेक्शनची नुसती कुणकुण लागली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. वाढत्या वयात स्टेरॉइड्समुळे उंची वेळेआधी थांबू शकते, शरीराचं स्वतःचं पुरुष-संप्रेरक बनणं मंदावतं. नेताना रागावू नका. रागावलात तर पुढची बाटली लपवली जाते.