डार्विन, वॉलेस आणि लक्का कबूतर

प्रश्न : गॅलापागोस बेटांवर फिंच पक्ष्यांच्या चोची पाहून डार्विनला उत्क्रांतीचा सिद्धांत सुचला, असं आम्ही वर्गात शिकवतो. बरोबर ना?

गोष्ट म्हणून छान, पण घडलं तसं नाही. १८३५मध्ये डार्विन तिथे जेमतेम पाच आठवडे होता आणि कुठला फिंच कोणत्या बेटावरचा, हे त्याने धड नोंदवलंही नाही. हे सगळे एकमेकांच्या नात्यातले, हे १८३७मध्ये लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने सांगितलं. नैसर्गिक निवडीची, म्हणजे परिस्थितीशी जुळणारे जीवच टिकतात आणि वाढतात या कल्पनेची, किल्ली सापडली १८३८मध्ये, माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना. खाणारी तोंडं वाढतात, अन्न तितकं वाढत नाही. मग टिकतं कोण?

प्रश्न : मग ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या त्याच्या पुस्तकाला १८५९ का उजाडलं? वॉलेस या दुसऱ्या निसर्ग-अभ्यासकाचं श्रेय डार्विनने लाटलं म्हणतात, ते खरं का?

१८४४मध्येच सुमारे २३० पानांचा मसुदा तयार होता. आपण मेलो तर हे छापून घे, अशी चिठ्ठीही त्याने बायकोसाठी लिहून ठेवली होती. पुढची आठेक वर्षं खडकांना चिकटणारे बार्नेकल हे समुद्री जीव चिरून पाहण्यात गेली. लोक या उशिराला भित्रेपणा म्हणतात. मला ती तयारी वाटते. जून १८५८मध्ये आजच्या इंडोनेशियातून वॉलेसचा निबंध येऊन थडकला, त्यात नेमकी तीच कल्पना! त्याच महिन्यात डार्विनचा दीड वर्षांचा मुलगा तापाने गेला. लायेल आणि हूकर या शास्त्रज्ञ मित्रांनी १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत दोघांचंही लेखन एकत्र वाचवून घेतलं. वॉलेसला विचारलं नव्हतं, हे खरंच. पण ‘लाटलं’ म्हणणं जास्त होतं. १८८९मध्ये वॉलेसनेच आपल्या पुस्तकाला ‘डार्विनिझम’ हे नाव दिलं.

प्रश्न : थोडक्यात, बळी तो कान पिळी?

अजिबात नाही. ढेकणाचं बळ ते केवढं, पण संपतो का? ज्याची पिल्लं जगतात आणि पुढे वाढतात, तो टिकतो.

प्रश्न : मी कबुतरं पाळतो. डार्विनही पाळायचा म्हणे?

हो, १८५५पासून. लंडनच्या दोन कबूतर क्लबांचा तो सभासद होता आणि भारतातून वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याला कबुतरांची कातडी पाठवली होती. पंख्यासारख्या शेपटीचं लक्का कबूतर त्याच्या पुस्तकात आहे: इतर कबुतरांना शेपटीची बारा-चौदा पिसं, लक्क्याला तीस-चाळीससुद्धा. शौकीन माणूस जोड लावताना पिढ्यान्‌पिढ्या निवड करतो. निसर्गातही निवड होते, फक्त तिथे निवडणारा कुणी नसतो, असा त्याचा युक्तिवाद. गंमत म्हणजे पाळीव प्राण्यांवरून रानातल्यांबद्दल काहीच ठरवता येत नाही, असं वॉलेसने त्या निबंधात लिहिलं होतं. तुमच्या खुराड्याचा उपयोग झाला तो डार्विनलाच.