आयरिश लोककथा, हाताची रेघ आणि बारावीनंतरची वाट

सप्रेम नमस्कार.

बारावीत शिकणारी आपली मुलगी 'साँग ऑफ द सी' हा आयरिश ॲनिमेशनपट पाहिल्यापासून तसेच चित्रपट करायचे म्हणते आणि त्यासाठी आयर्लंडलाच पाठवा असा हट्ट धरते. यात पोट भरते का, असे आपण विचारले आहे.

पोट भरते, पण सावकाश. हा चित्रपट करणारा 'कार्टून सलून' हा स्टुडिओ टॉम मूर, नोरा ट्वोमी आणि पॉल यंग यांनी १९९९ मध्ये किल्केनी या लहानशा शहरात काढला, आणि त्यांचा पहिला मोठा चित्रपट 'द सीक्रेट ऑफ केल्स' यायला २००९ उजाडले. मधली वर्षे जाहिराती आणि दूरचित्रवाणी मालिकांच्या कामावर निघाली. पुढे त्यांच्या चित्रपटांना ऑस्करची नामांकने मिळाली, तरी चित्रपटाचा पैसा एकाच ठिकाणाहून आला नाही: 'साँग ऑफ द सी'साठी आयर्लंड, डेन्मार्क, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि फ्रान्स अशा पाच देशांतून पैसा उभा करावा लागला. स्वतंत्र चित्रपट म्हणजे अनेकांच्या अटी सांभाळणारा चित्रपट, हे तिला आताच कळलेले बरे.

तिला भुरळ पडली आहे ती सील या समुद्री प्राण्याचे कातडे उतरवून माणूस होणाऱ्या सेल्कीच्या कथेची. अशा कथा तिथे हाताशी आहेत, कारण १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने गावोगाव फिरून त्या उतरवून घेतल्या आणि १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांकडूनही घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी वह्यांत लिहवून घेतल्या. मात्र केवळ कथेने चित्रपट होत नाही. याच स्टुडिओच्या 'वुल्फवॉकर्स' या चित्रपटात शहर लाकडी ठशांच्या छापासारख्या ताठ रेघांत आणि जंगल पेन्सिलीच्या कच्च्या खुणा तशाच ठेवून रेखाटले आहे. कथेतील झगडा तिथे रेघच सांगते. म्हणून माझ्या मते तिची खरी परीक्षा चित्रकलेची वही आहे, पासपोर्ट नव्हे.

पदवीसाठी परदेशी जाण्याचा खर्च तूर्त टाळावा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) ॲनिमेशनचा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि मुंबई आयआयटीच्या डिझाइन पदवीची यूसीड परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. तोवर तिने आजीकडून एखादी गोष्ट आजीच्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि तिची तीसेक चौकटींत चित्रे काढावीत. त्या चौकटी मला पाठवा; पुढचे त्या पाहूनच सांगेन.