ॲश्ली या नावात राख नाही

एका ताईंनी विचारलंय की त्यांची लेक इंग्लंडमध्ये असते, जावई तिकडचेच, मागच्या महिन्यात नातू झाला आणि त्याचं नाव ॲश्ली ठेवायचं ठरतंय. ॲश्ली हे विहीणबाईंचं माहेरचं आडनाव. ताईंना तीन गोष्टी खटकताहेत. ॲश म्हणजे राख, मग बाळाच्या नावात राख कशाला? दुसरं, ॲश्ली हे मुलीचं नाव ना, सोनाली रूपालीसारखं? आणि तिसरं, आडनाव हे नाव म्हणून कसं काय ठेवतात?

ताई, आधी नातवाबद्दल खूप अभिनंदन. प्रश्न तिन्ही छान आहेत आणि मला यात मनापासून रस आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राखेचं आधी मिटवून टाकू. या नावातला ॲश म्हणजे राख नाही, ॲश नावाचं झाड. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते, जुन्या इंग्रजीत झाडाला 'ॲश्च' किंवा 'ॲश' असं काहीतरी म्हणत आणि राखेला त्याच्याच जवळचा पण शेवटी एक स्वर जास्त असलेला शब्द होता, पुढे शेवटचे स्वर झिजले आणि दोन्ही शब्द एकाच उच्चाराला येऊन थांबले. आपल्याकडे कसं, तो माळ म्हणजे माळरान आणि ती माळ म्हणजे गळ्यातली किंवा जपाची, कुणी 'माळावर गेलो' म्हटलं तर आपण जपमाळेवर जाऊन बसला असं समजत नाही, तसंच हे. क्रिकेटमधली ॲशेस मालिका मात्र खरोखर राखेवरून आलीय, 1882 साली ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला इंग्लंडमध्येच हरवलं तेव्हा एका पेपरात इंग्लिश क्रिकेटचा मृत्युलेख छापून आला की दहन होऊन राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल. त्यामुळे आपल्या डोक्यात ॲश म्हटलं की राखच येते, त्यात तुमची काही चूक नाही.

हे ॲशचं झाड तिकडे फार मानाचं. लाकूड चिवट, धक्का सोसणारं, सहज तुटत नाही, म्हणून कुऱ्हाडीचे फावड्याचे दांडे, पूर्वीच्या टेनिसच्या रॅकेटी, जुन्या इंग्लिश हॉकी स्टिक असं सगळं याचंच. जुन्या इंग्रजी कवितेत तर ॲश म्हणजेच भाला, कारण भाल्याचा दांडा याच लाकडाचा. आणि क्रिकेटचे स्टंपसुद्धा परंपरेने ॲशचेच. आता गंमत बघा, डिसेंबर 2001 मध्ये बंगळूरच्या टेस्टमध्ये सचिन 90 वर होता आणि टेस्टमध्ये पहिल्यांदाच स्टंपिंग झाला, बोलर होता इंग्लंडचा ॲश्ली जाइल्स, तो लेग स्टंपच्या बाहेर टाकत राहिला टाकत राहिला आणि शेवटी सचिन पुढे आला. त्या दिवशी मी टीव्हीसमोर हळहळत बसलो होतो, पण बोलरच्या नावातलं झाड आणि मागे उडालेल्या यष्ट्यांचं झाड एकच असू शकतं हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

आता दुसरा तुकडा, 'ली'. मला विचाराल तर खरी मजा इथे आहे.

हा 'ली' इंग्लंडच्या शेकडो गावांच्या शेपटाला असतो. स्टॅन्ली, ब्रॅडली, शर्ली, किंबर्ली, हेली, ही नावं म्हणून आपण ओळखतो ती सगळी मुळात गावं. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ आधी रान असा, आणि मग रानात झाडं तोडून मोकळी केलेली जागा, जिथे वस्ती झाली, गुरं चरायला लागली. म्हणजे ॲश्ली हे ॲशच्या झाडांमधलं मोकळं रान. शर्ली म्हणजे बहुधा लख्ख उजळ मोकळं रान, स्टॅन्ली म्हणजे दगडाधोंड्याचं रान.

चार वर्षांपूर्वी भाच्याकडे मँचेस्टरला गेलो होतो तेव्हा मुद्दाम चेशरमधलं ॲश्ली बघायला गेलो. लोकल ट्रेनच आहे, हेल, मग ॲश्ली, मग मोबर्ली, मग नट्सफर्ड अशी स्टेशनं लागतात. फेब्रुवारी होता, झाडांना एक पान नव्हतं, पण ॲश ओळखायची खूण भाच्याच्या शेजाऱ्याने सांगून ठेवली होती की फांदीच्या टोकाला कोळशासारख्या काळ्या कळ्या दिसतील. कुंपणाला लागून एक झाड सापडलं, करड्या फांद्या आणि टोकाला खरंच काळ्याकुट्ट कळ्या, आणि वर मागच्या सीझनच्या वाळलेल्या बियांचे घोस लटकत होते, त्याला तिकडे किल्ल्या म्हणतात, दिसतोही तो अगदी किल्ल्यांचा जुडगाच. वाऱ्यावर खुळखुळत होता. या झाडांना बुरशीचा एक रोग लागलाय, ब्रिटनमध्ये 2012 मध्ये पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून फार झाडं गेली, ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

तर स्टेशनच्या पाटीवर ॲश्ली वाचताना कुणाही मुंबईकराच्या मनात येईल तेच माझ्या मनात आलं, बोरिवली! बोरांची वली, ॲशची ली. बोरिवली कांदिवलीतला 'वली' हा 'पल्ली'चा, म्हणजे वस्ती, तिरुचिरापल्लीतली तीच. झाडाचं नाव अधिक जागा, गावाला नाव द्यायची रीत दोन्हीकडे एकच. पण 'ली' आणि 'वली' यांचा एकमेकांशी संबंध काही नाही, कानाला सारखं लागतं इतकंच, त्यामुळे कुणी तुम्हाला तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

खरा नातेवाईक दुसराच आहे आणि तो कानाला अजिबात कळत नाही. तो म्हणजे आपला 'लोक'! त्रिलोक, परलोक यातला लोक. ऋग्वेदात 'उरु लोक' येतं तिथे लोक म्हणजे माणसं नव्हेत, मोकळी प्रशस्त जागा. मग जागेवरून जग, आणि जगावरून जगातली माणसं असा अर्थ सरकत सरकत आपल्या 'लोक काय म्हणतील'पर्यंत आला. भाषाशास्त्रवाले हा 'लोक', लॅटिनमधला देवराईसाठीचा 'लुकुस', लिथुआनियन भाषेतला शेतासाठीचा 'लाउकस' आणि इंग्रजीतला हा 'ली' एकाच मुळाचे मानतात, आणि त्या मुळाचा अर्थ उजेड. कारण सरळ आहे, दाट रानात झाडं तोडली की तिथे ऊन पडतं. नेपोलियन जिथे हरला त्या वॉटर्लूतला 'लू'सुद्धा याच घराण्यातला. म्हणजे ताई, तुमच्या नातवाच्या नावात एक 'लोक' दडलाय, आणि मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री दहा वाजता मित्राला फोन करून सांगितलं होतं.

आता आडनावाचं नाव कसं झालं ते. आपण गावावरून आडनाव करताना 'कर' लावतो, तिकडे तसं प्रत्यय वगैरे न लावता गावाचं नाव जसंच्या तसं आडनाव होतं, म्हणजे बोरिवलीहून आला म्हणून आडनाव बोरिवली. सुरुवातीला 'ॲश्लीचा अमुक' असं म्हणत, मधला 'चा' गळून गेला. ॲश्ली नावाची गावं चेशर, हॅम्पशर, स्टॅफर्डशर, केंब्रिजशर अशी बऱ्याच ठिकाणी आहेत, त्यामुळे सगळे ॲश्ली आडनाववाले एका कुळाचे असं नाही, जसे आपल्याकडे सगळे नांदगावकर एका नांदगावचे नसतात.

मग पुढची पायरी. साधारण सोळाव्या सतराव्या शतकात तिथल्या जमीनदार घराण्यांत आईचं माहेरचं आडनाव मुलाचं नाव म्हणून ठेवायची पद्धत पडत गेली, विशेषतः आईकडच्या घरात मुलगा वारस नसेल आणि इस्टेट लेकीकडून नातवाकडे येणार असेल तेव्हा. याचं अगदी ठळक उदाहरण ॲश्लीचंच आहे. 1621 साली जन्मलेला अँथनी ॲश्ली कूपर, पुढे शाफ्ट्सबरीचा पहिला अर्ल (अर्ल म्हणजे तिकडचा सरदारकीचा किताब) झाला तो. वडील कूपर, आई ॲश्ली घराण्यातली, आणि आईचे वडील सर अँथनी ॲश्ली, तर नातवाचं नाव आजोबांचं अख्खं नाव आडनावासकट. अमेरिकेत चार्ल्स्टन शहराच्या एका बाजूने ॲश्ली नदी वाहते आणि दुसऱ्या बाजूने कूपर नदी, दोन्ही याच माणसाच्या नावाच्या. म्हणजे झाडावरून गाव, गावावरून आडनाव, आडनावावरून नाव आणि नावावरून नदी. याच घराण्यातला सातवा अर्ल, त्याचंही नाव अँथनी ॲश्ली कूपर, त्याने खाणीत आणि गिरण्यांत राबणाऱ्या पोरांसाठी आयुष्यभर भांडण केलं, 1842 च्या कायद्याने बायका मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवणं बंद झालं ते त्याच्या खटपटीमुळे. तेव्हा तो लॉर्ड ॲश्ली म्हणूनच ओळखला जायचा. लंडनच्या पिकाडिली सर्कसमध्ये पंखवाल्या मूर्तीचं जे कारंजं आहे, लेकीकडे गेलात की बघालच, ते त्याच्याच आठवणीसाठी उभारलेलं आहे.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगू का, आपल्याकडे बाई लग्न करून आली की माहेरचं आडनाव जातं, कित्येक घरांत नावसुद्धा बदलायचे, मुलांच्या मधल्या नावात वडील असतात, आजी कुठेच नसते. इथे तुमच्या विहीणबाईंचं माहेर नातवाच्या पहिल्या नावात येतंय. मला तर हे फार सुंदर वाटतं.

राहिला मुलगा की मुलगी हा प्रश्न. मुळात हे पुरुषाचंच नाव. अमेरिकेतसुद्धा 1960 च्या आसपासपर्यंत जास्त करून मुलांनाच ठेवत, नंतर तिथे वारं फिरलं आणि 1991 आणि 1992 मध्ये ॲश्ली हे अमेरिकेतलं मुलींचं एक नंबरचं नाव होतं. आपण टीव्हीवर अमेरिका जास्त बघतो म्हणून आपल्याला ते मुलीचं वाटतं, आणि त्यात आपला मराठी कान, वैशाली दीपाली मिताली ऐकून तयार झालेला. पण आपल्याकडेही वनमाळी आहे, चंद्रमौळी आहे, अंशुमाली आहे, ते कुठे बायकी वाटतात? ब्रिटनमध्ये ॲश्ली अजूनही जास्त करून मुलांचंच, जाइल्स झाला, फुटबॉलवाला ॲश्ली कोल झाला. आपल्या वसईत, वांद्र्याला, गोव्यातही ॲश्ली नावाचे बाप्ये भरपूर भेटतील. नाव दोघांनाही चालतं म्हटलं तरी काय बिघडलं, किरण मोरे आणि किरण बेदी दोघं आहेतच की. (शर्लीची गोष्ट वेगळी झाली, तेही पुरुषाकडचं आडनाव, पण 1849 च्या एका कादंबरीत मुलगा हवा असलेल्या आईबापांनी मुलीला ते नाव दिलं आणि पुढे ते कायमचं मुलींकडे गेलं.)

एक व्यवहाराची गोष्ट, स्पेलिंग बघून घ्या. शेवटी एल-ई-वाय असेल तर तिकडे बहुतेक मुलगा समजतात, आणि एल-ई-आय-जी-एच असेल तर बहुतेक मुलगी, आपल्या महिलांच्या क्रिकेट लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूपीएलमध्ये गुजरातकडून खेळणारी ऑस्ट्रेलियाची ॲश्ली गार्डनर हे दुसरं स्पेलिंग लावते. लेकीला सांगा जन्मदाखल्यावर पहिलंच घालायचं. मराठीत ॲश्ली असं लिहा, श अर्धा आणि ली दीर्घ, 'ॲशले' नको.

आणि विहीणबाईंना जमलं तर विचारून बघा की त्यांचे ॲश्ली मूळचे कुठल्या परगण्यातले. चेशरचे निघाले तर त्या स्टेशनवर बाळाला घेऊन एक फोटो नक्की काढा, पाटीखाली.