अफू एकदम सोडली तर पुन्हा झटका येईल का?

‘अफूने काळीज घट्ट राहतं’ हे इंदुरात समुपदेशन करताना सारखं ऐकते. मंदसौर-नीमचचा पट्टा जवळच. तिथे परवान्यावर अफूची शेती होते, सगळा चीक सरकारला द्यायचा असतो. तरी थोडा इकडेतिकडे पाझरतोच.

तिकडचेच एक काका हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) घातल्यावर मुलीबरोबर आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) गुडघेदुखीवर सुरू केलेली हरभऱ्याएवढी गोळी पंधरा वर्षं चालू होती. मुलगी म्हणाली, “ताई, बंद करायची म्हटलं तर पुन्हा झटका येईल अशी भीती वाटते.” काकांचं भलतंच: “गोळी होती म्हणून तर वाचलो.”

वाद न घालता विचारलं, झटक्याआधी छातीत काही जाणवायचं?

“जड व्हायचं. गोळी घेतली की बसायचं.”

गोम इथेच होती. अफूतलं मॉर्फिन दुखणं दाबतं, रक्तवाहिनीतला अडथळा जागचा हलत नाही. शरीर ओरडून सांगत होतं आणि काका त्याला गप्प करत होते.

हाच समज इराणातही आहे. तिथल्या गोलेस्तान प्रांतात ५०,०००हून अधिक लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१२ साली आलेल्या निष्कर्षांत, धूम्रपानाचा परिणाम वगळूनही, अफू घेणाऱ्यांमध्ये हृदय व रक्ताभिसरणाच्या विकारांनी मरण्याचा धोका सुमारे १.८ पट दिसला. काका यावर नुसते “हं” म्हणाले. आकड्यांनी सवयी सुटत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे.

मुलीची भीती मात्र अगदीच पोकळ नव्हती. अफू अचानक तोडली की नाडी धावते, रक्तदाब चढतो, उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी होतं. नुकताच झटका येऊन गेलेल्या माणसाला खोलीत कोंडून ‘सोडवायचं’ म्हणजे जिवाशी खेळ. हे काम देखरेखीखालीच करायचं. मनोविकारतज्ज्ञ अफूऐवजी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देतात, मग तेही बेताबेताने कमी करतात. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या या सगळ्यात चुकवायच्या नाहीत. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

पण आधी हृदयाच्या डॉक्टरांना कळायला हवं होतं. त्यांच्या कागदावर बिडीची नोंद होती, अफूची नव्हती. काकांनी अट घातली, “मीच सांगणार.” सांगितलंही, “थोडीशी घेतो.” मुलीने तिथल्या तिथे पुडीचं वजन सांगून टाकलं.

आता उपचार सुरू आहेत. गुडघ्याच्या व्यायामावरून कुरकुर चालते, तीही रोज.