गच्चीवर सोलर वॉटर हीटर घरीच बनवावा की तयार घ्यावा? (चार माणसं, पुणे)

आंघोळ संध्याकाळी असेल तर घरी बनवा, पहाटे असेल तर तयार घ्या. काळा रंग दिलेली टाकी दुपारी पाणी छान तापवते, पण रात्रीतून ते कोमट होतं. खरी किंमत मोजायची ती टाकीभोवतीच्या ५० मिमी पफच्या (उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमच्या) थराची, आणि तो थर घरी नीट बसत नाही.

तरी बनवणार असाल तर तांब्याच्या नळ्यांचं कलेक्टर (उन्हात पाणी तापवणारं पॅनेल) दक्षिणेकडे, साधारण ३० अंश कलतं ठेवा. टाकीचा तळ कलेक्टरच्या वरच्या टोकापेक्षा निदान ३० सेंमी उंच हवा. गरम पाण्याचा पाइप टाकीकडे सतत चढता ठेवा. मध्ये उंचवटा आला की हवा अडकते आणि कलेक्टर-टाकीमधलं पाणी फिरणंच थांबतं. व्हेंट पाइप (टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणारी नळी) विसरू नका. साधा पीव्हीसी उन्हाळ्यात मऊ पडून सांध्यातून गळतो.

तयार घेताना चौघांना १५० लिटर पुरतं. बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्या, क्षार साफ करणं सोपं जातं. मात्र भर उन्हात रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडलंत तर त्या तडकतात. प्रेशर पंप असल्यास दुकानदाराला आधीच सांगा; साधी टाकी तो दाब सोसत नाही.