झाडावर चढून फांद्या छाटायला टिकाऊ चेनसॉ कोणती घ्यावी? (बडोदा)

मूठ वरच्या बाजूला असलेली, म्हणजे टॉप हँडलवाली घ्या. जमिनीवरची मोठी करवत दोरावर लटकून वापरू नका, खांदे जातात. स्टिल (Stihl) कंपनीची एमएस २०१ टी साधारण ३५ सीसीची आणि पावणेचार किलोची आहे. रोजच्या कामाला माझी पसंती तिलाच. नुसती बारीक छाटणी असेल तर एको (Echo) कंपनीची २५ सीसीची हलकी पुरते. बार, म्हणजे जिच्यावर साखळी फिरते ती पट्टी, १२ ते १४ इंची बस्स.

पण खरं सांगू का, टिकणं मॉडेलवर कमी आणि पेट्रोलवर जास्त असतं. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं, कार्बोरेटरचे पडदे कडक होतात. पावसाळ्यात महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून, मशीन बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. माझ्या पहिल्या करवतीचं असंच वाटोळं झालं. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल ५० ला १, म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, या प्रमाणातच.

आपल्याकडे आसोपालव (उंच, सरळ वाढणारा खोटा अशोक) लोण्यासारखा कापला जातो, चिंच मात्र साखळीची धार खाते. कानस खिशात हवीच. आणि मूठ वर आहे म्हणून एका हाताने चालवायची नाही हं, दोन्ही हात!

दांडिया बाजारात असाल तर घेण्याआधी सुटे भाग गावात मिळतात का ते विचारा.